कन्व्हेयन्स न झालेला फोन

पुण्यातल्या एका परिसंवादात बँकांच्या संगणक विभागात हयात घालवलेले एक गृहस्थ म्हणाले, "फोन रूट करणं म्हणजे सोसायटीतल्या फ्लॅटची भिंत परस्पर पाडणं. भिंत तुमची असेल, इमारत सगळ्यांची आहे." टाळ्या पडल्या. पुण्यात सोसायटीच्या नावाने काहीही बोललं तरी टाळ्या पडतात, कारण श्रोत्यांतला निम्मा वर्ग कुठल्या ना कुठल्या कमिटीचा माजी सचिव असतो. प्रश्नोत्तरांना वेळ उरला नव्हता. बरंच झालं म्हणायचं. दोन मिनिटांत विचारण्यासारखा माझा प्रश्न नव्हताच.

ज्यांनी ही भानगड कधी केली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स आहे, लिनक्सच्या मागे १९७० च्या सुमारास बेल लॅब्समध्ये जन्मलेलं युनिक्स आहे, आणि युनिक्सच्या घरात सर्वाधिकारी एकच असतो. त्याचा क्रमांक शून्य, नाव रूट. तो कुठलीही फाइल वाचतो, बदलतो, पुसतो. त्याला कोणी विचारत नाही. तुम्ही तीस हजार मोजून फोन घेता तेव्हा हा शून्य क्रमांकाचा माणूस फोनमध्ये असतोच, फक्त तो तुम्ही नसता. तुम्ही तिथे पाहुणे असता. वॉलपेपर बदला, रिंगटोन बदला. कंपनीने फुकट घातलेलं गाण्यांचं किंवा खरेदीचं अ‍ॅप मात्र कित्येकदा ‘बंद’ करता येतं, काढता येत नाही. रूट करणं म्हणजे त्या शून्य क्रमांकाच्या खुर्चीत स्वतः बसणं.

या उद्योगाची सुरुवात मोठी गमतीची आहे. पहिला अँड्रॉइड फोन, टी-मोबाइल जी-१, अमेरिकेत ऑक्टोबर २००८ मध्ये विक्रीला आला. त्याला खरी बटणं होती. काही आठवड्यांतच उघड झालं, की बटणांवर जे काही टाइप होतं ते पडद्यावर तर जातंच, शिवाय मागे चालू राहिलेल्या एका रूट खिडकीतही आज्ञा म्हणून जातं. कोणी गप्पा मारताना ‘रीबूट’ हा शब्द लिहून एंटर दाबलं, की फोन आज्ञाधारकपणे बंद होऊन पुन्हा सुरू होई. गुगलने तातडीने ते भोक बुजवलं. पण तोवर लोकांना कळून चुकलं होतं, की घरात एक बंद खोली आहे. त्यातून स्टीव्ह कॉन्डिक यांचं सायनोजेनमॉड, म्हणजे कंपन्यांबाहेर घडवलेली अँड्रॉइडची आवृत्ती, निघालं, त्याची कंपनी झाली, कंपनीचे कज्जे झाले. डिसेंबर २०१४ मध्ये तर त्यातला एक कज्जा दिल्ली उच्च न्यायालयात पोचला आणि सायनोजेनवर चालणाऱ्या वनप्लस फोनच्या भारतातल्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. कारण भारतापुरतं सायनोजेन मायक्रोमॅक्सला देऊन झालं होतं. कंपनी बुडाली, काम लिनेजओएस या नावाने चालू राहिलं.

आपल्याकडे मात्र रूट करणाऱ्यांत एक वेगळा वर्ग होता, आणि परिसंवादातल्या गृहस्थांना तो आठवत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनमध्ये देवनागरी नव्हती. मराठी मजकूर उघडला की चौकोनांची रांग दिसे. मग पोरं काय करत? फोन रूट करत आणि सिस्टिमच्या फाँटच्या फोल्डरमध्ये देवनागरी फाँट ढकलत. तरीही जोडाक्षरं नीट जुळत नसत, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटत. कारण अक्षरं जुळवणारं यंत्रच आत नव्हतं. ते पुढच्या आवृत्त्यांबरोबर आलं. पण स्वतःच्या भाषेतलं पत्र स्वतःच्या फोनवर वाचण्यासाठी ज्यांना कुलूप फोडावं लागलं, त्यांना ‘भिंत पाडणारे’ म्हणायचं असेल तर भिंत कुणी आणि कुठे बांधली होती हेही सांगावं लागेल.

आता त्या सोसायटीकडे वळू. उदाहरण त्यांचं आहे, पण ते त्यांनी महाराष्ट्रात दिलं ही त्यांची चूक. आपल्याकडे फ्लॅट विकत घेणं म्हणजे काय, याचा इतिहास उघडा आहे. बिल्डर फ्लॅट विकतो, पैसे घेतो, सोसायटी नोंदवली जाते, सभासद मेंटेनन्स भरतात, गणपती बसवतात. आणि वीस-पंचवीस वर्षांनी पुनर्विकासाची वेळ आली की प्रॉपर्टी कार्डावर अजून बिल्डरचंच नाव. जमीन सोसायटीच्या नावे झालेलीच नाही. १९६३ च्या मोफा कायद्याखालच्या नियमांनुसार सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत कन्व्हेयन्स करून देणं बिल्डरवर बंधनकारक होतं. कित्येकांनी ते केलं नाही, कारण उरलेला एफएसआय आपल्या नावावर राहिलेला बरा. शेवटी २००८ मध्ये कायदा बदलून ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, सरकारी मराठीत मानीव अभिहस्तांतरणाची, सोय करावी लागली: बिल्डर येवो न येवो, सक्षम प्राधिकारी जमीन सोसायटीच्या नावे करून देईल.

माझा फोन हा असा कन्व्हेयन्स न झालेला फ्लॅट आहे. पैसे पूर्ण दिलेत, ताबा मिळालाय, मूळ हक्क कंपनीकडे. उरलेल्या एफएसआयवर ती नवनवी अ‍ॅप्स चढवते, जाहिराती लावते, आणि अपडेट देणं ज्या दिवशी थांबवते त्या दिवशी इमारत मोडकळीस आल्याचं जाहीर करते. शिवाय सोसायटीत भिंत पाडू नये हा नियम सभासदांची सर्वसाधारण सभा करते, त्यात मला एक मत असतं. फोनच्या कुठल्या सर्वसाधारण सभेचं निमंत्रण आपल्याला आलं होतं? सॅमसंगच्या नॉक्सवाल्या फोनमध्ये अनधिकृत सॉफ्टवेअर घातलं की आतला एक इलेक्ट्रॉनिक फ्यूज कायमचा उडतो. मूळ सॉफ्टवेअर परत घातलं तरी तो जुळत नाही, आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी पुन्हा मिळत नाहीत. भिंत पुन्हा बांधून दिली तरी सभासदत्व रद्द, असा नियम माजी सचिवांनीसुद्धा अजून केलेला नाही.

कायद्याची भीती घालणाऱ्यांसाठी एवढंच: अमेरिकेत फोनचं कुलूप काढण्याला जुलै २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत सूट द्यावी लागली, कारण तिथल्या १९९८ च्या कायद्यात कुलूप तोडणं हाच गुन्हा होता. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं ६५-अ कलम हक्कभंगाचा हेतू मागतं. नुसतं कुलूप काढण्याला ते शिक्षा सांगत नाही. या एका बाबतीत आपले कायदे करणारे अमेरिकेपेक्षा शहाणे ठरले.

इथवर मी जोरात आहे. पण या जोराला पहिला आणि सगळ्यात कठीण आक्षेप ज्याच्याकडून येतो तो परिसंवादातला गृहस्थ नव्हे. तो केन थॉम्प्सन. युनिक्स ज्या दोघांच्या डोक्यातून प्रामुख्याने निघालं त्यांतला एक, म्हणजे रूटच्या जन्मदात्यांपैकीच. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार त्याला डेनिस रिचीबरोबर मिळाला आणि त्या निमित्ताने केलेलं भाषण १९८४ मध्ये छापून आलं. तीनच पानांचं आहे. संगणकाच्या जगात इतक्या कमी पानांत इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही मी वाचलेलं नाही.

थॉम्प्सन तिथे एक युक्ती मांडतो. समजा, मी कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅमच्या मजकुराचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, बिघडवला. लॉगिनचा प्रोग्रॅम त्यातून गेला की तो ओळखतो, आणि माझा एक गुप्त पासवर्डही चालेल अशी चोरवाट गुपचूप घालतो. हे पकडता येईल, कारण कंपायलरच्या मूळ मजकुरात ती चोरी लिहिलेली दिसेल. म्हणून दुसरी पायरी: कंपायलर स्वतःचाच मजकूर ओळखतो, आणि नवा कंपायलर तयार करताना दोन्ही चोऱ्या त्यात पुन्हा घालतो. आता मूळ मजकुरातून चोरी पुसून टाका. मजकूर स्वच्छ, ओळ न् ओळ तपासा, काही सापडणार नाही. चोरी मात्र पिढ्यान्‌पिढ्या चालू. निष्कर्ष असा, की जे सगळं तुम्ही स्वतः घडवलं नाही त्यावर मजकूर वाचून विश्वास ठेवता येत नाही. शेवटी विश्वास माणसांवरच ठेवावा लागतो.

हे वाचून रूट करणाऱ्यांकडे पाहा. गुगलवर माझा विश्वास नाही, कंपनीवर नाही, असं म्हणणारा तरुण कुठल्याशा टोपणनावाच्या माणसाची झिप फाइल उतरवतो आणि तिला सर्वाधिकार देतो. एका बटणात रूट करून देणारी अ‍ॅप्स एकेकाळी धडाक्यात चालत; त्यांतली कित्येक आतून काय करतात ते कुणाला दिसत नसे. आणि इतकं करून मिळालेला रूट तरी सर्वात खाली असतो का? त्याच्याखाली फोन सुरू करून देणारा बूटलोडर आहे, प्रोसेसरमधली वेगळी सुरक्षित खोली आहे, टॉवरशी बोलणाऱ्या मोडेमचं स्वतःचं बंद सॉफ्टवेअर आहे. शून्य क्रमांकाच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला वाटतं आपण वतनदार; तो निघतो मुखत्यार.

त्याच भाषणाच्या शेवटी थॉम्प्सन दुसऱ्यांच्या संगणकात घुसणाऱ्या पोरांवर चिडतो. ते शेजाऱ्याच्या घरात घुसण्याइतकंच लाजिरवाणं मानलं गेलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. आमचे बँकवाले हे वाक्य आनंदाने वापरतील. पण थॉम्प्सन शेजाऱ्याच्या घराबद्दल बोलतोय. इथे घर माझं आहे.

तरीही त्याने माझी एक भूमिका हलवली हे खरं. ‘रूट हा माझा हक्क’ ही घोषणा अपुरी आहे. रोजच्या वापरात रूट उघडा ठेवणं धोक्याचं आहे, कारण एकदा चुकून होकार दिलेलं अ‍ॅप सगळं घर धुऊन नेऊ शकतं. ग्रॅफीनओएस करणारे लोक गुगलच्याच पिक्सेल फोनवर स्वतःची प्रणाली चढवतात, बूटलोडर पुन्हा बंद करतात, तेही आपल्या किल्लीने, आणि रूट करू नका असं बजावतात. मला वाटतं, वाद इथे असायला हवा. मागायची आहे ती किल्ली. कुलूप असू दे, घट्ट असू दे. ते कोणाच्या किल्लीने उघडायचं आणि लावायचं हे ज्याने पैसे मोजले त्याने ठरवावं. खुर्चीत रोज बसायची हौस ज्याला असेल त्याने बसावं.

बँकवाल्यांचा पुढचा युक्तिवाद फसवणुकीचा असतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. आरटीओचं चलान किंवा लग्नपत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल येते, माणूस ती उघडतो, खातं रिकामं होतं. घरोघरी हे दुःख आहे. पण या फायलींना रूट लागत नाही. एसएमएस वाचायची परवानगी आणि ओटीपी एवढ्यावर त्यांचं भागतं, आणि लुटलेले बहुतेक फोन अगदी सोवळ्यातले, कंपनीच्या कुलपातले असतात. याच फसवणुकीचं कारण देत गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं, की प्ले स्टोअरबाहेरून घालायच्या अ‍ॅपच्या कर्त्यालाही आपली ओळख गुगलकडे नोंदवावी लागेल. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग इतरत्र. ओरड झाल्यावर नोव्हेंबरमध्ये जाणकारांसाठी एक वळणाची वाट ठेवू असं सांगितलं. म्हणजे रूट सोडाच, आता साधं अ‍ॅप घालायलाही बिल्डरची एनओसी.

त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्या दूरसंचार विभागाने फोन कंपन्यांना आदेश दिला, की ‘संचार साथी’ हे अ‍ॅप नव्या फोनमध्ये आधीच बसवा, त्याची कामं बंद करता येऊ देऊ नका, आणि विक्रीच्या वाटेवर असलेल्या फोनमध्ये अपडेटने घाला. गदारोळ झाला. नको असेल तर काढून टाका, असं मंत्री म्हणाले, आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. अ‍ॅप वाईट नाही. चोरीचा फोन बंद करायला ते उपयोगी आहे. पण तो आदेश निघू शकला तो कशाच्या बळावर? प्रत्येक फोनमध्ये एक शून्य क्रमांकाचा माणूस बसलाय, तो तुमचा नाही आणि त्याला पत्र पाठवता येतं, हे दिल्लीला ठाऊक होतं म्हणून. ‘सामान्य माणसाच्या हाती रूट नको’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. खुर्ची कधी रिकामी नसते.

आणि आता मुद्द्याचं. कंपन्यांशी भांडण हे आता दुय्यम झालंय. फोन तुम्ही उघडू शकलात, आपल्या किल्लीने बंदही केलात, तरी बँकेचं अ‍ॅप दारात गुगलचा शिक्का मागतं. शिक्का नसेल तर प्रवेश नाही. सुरक्षा अपडेट येऊन चार वर्षं उलटलेला, भोकं पडलेला फोन शिक्का आहे म्हणून आत जातो. ताज्या दुरुस्त्या केलेला ग्रॅफीनओएसचा फोन अनेक दारांवरून परत पाठवला जातो. ही सुरक्षेची तपासणी असेल तर तिने भोकं मोजावीत. ती शिक्के मोजते आहे. गंमत पुढे आहे. साध्या बटणांच्या फोनवरून *९९# लावून किंवा २०२२ मध्ये आलेल्या यूपीआय १२३पे मार्गे पैसे पाठवता येतात. त्या फोनला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. तिथे बँकेला पिन पुरतो. म्हणजे धोका पत्करायची तयारी व्यवस्थेकडे आहे, फक्त स्वतःच्या फोनचा मालक असलेल्या माणसासाठी नाही.

मालकीहक्क कायद्याने काढून घेतलेला नाही. दाराबाहेर उभं करून तो निरुपयोगी केलाय, आणि दारं वाढत चालली आहेत: आज बँक, उद्या रेशन, परवा दवाखाना. म्हणून माझ्या मागण्या दोनच. अपडेट देणं थांबवताना कंपनीने बूटलोडरची किल्ली विनाअट ग्राहकाला द्यावी, आणि तिने ती दिली नाही तर द्यायला लावणारी एखादी डीम्ड कन्व्हेयन्स कायद्यात असावी. दुसरी, फोनचा शिक्का पाहून सेवा नाकारणाऱ्या प्रत्येक बँकेला आणि सरकारी खात्याला ती सेवा वेबसाइटवर किंवा खिडकीवर देणं बंधनकारक असावं. पहिली मागणी पुरी व्हायला मोफाइतकीच वर्षं लागतील असं समजून चालू. दुसरी रिझर्व्ह बँक एका परिपत्रकाने करू शकते. तोवर नवा फोन घेताना दुकानात एक प्रश्न विचारत चला: याचा बूटलोडर उघडतो का? नाही म्हणाले तर दुसरा फोन दाखवा म्हणा.