संतांचा सन्मान आणि देवाची आराधना



काही दिवसांपूर्वी संध्याकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक मावशी मागे थांबल्या. हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला संत अंतोनीचा पुतळा. त्यांचा मुलगा वर्षभरापासून एका प्रार्थना-गटात जातो. तिथे त्याला सांगण्यात आले, की तुमच्या घरात मूर्तिपूजा चालते. ‘आल्तारावरचे पुतळे काढा, नाहीतर मी या घरात जेवणार नाही,’ असे त्याने आईला बजावले. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, “फादर, हा पुतळा माझ्या सासूबाईंचा. ठेवला तर पोरगा जातो आणि काढला तर संत रागावतील. मी काय करू?”

त्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलाच्या आरोपाचे उत्तर मला ठाऊक होते, सेमिनरीत ते आम्ही पाठच केले होते. मला अस्वस्थ केले ते आईच्या दोन शब्दांनी, ‘संत रागावतील’. मुलगा म्हणतो, तुम्ही पुतळ्याला देव मानता. आम्ही म्हणतो, छे! मुळीच नाही. पण पुतळा हलवला तर कोप होईल ही भीती आमच्या मनात कुठून आली? या आठवड्यात संत अंतोनीच्या नोव्हेनाला सुरुवात होत आहे. त्यानिमित्ताने या प्रश्नाचा आपण प्रामाणिकपणे विचार करू या.

प्रथम पवित्र शास्त्र काय शिकवते ते पाहू. निर्गमच्या 20 व्या अध्यायात कोरीव मूर्ती करून तिच्या पाया पडू नये अशी आज्ञा आहे. पण त्याच पुस्तकाच्या 25 व्या अध्यायात कराराच्या कोशावर सोन्याचे दोन करूब घडवण्यास परमेश्वरच सांगतो. गणनाच्या 21 व्या अध्यायात सापांनी दंश झालेल्या लोकांसाठी तो मोशेला पितळेचा साप करून खांबावर टांगायला लावतो. म्हणजे मूर्ती घडवणे हेच पाप असते, तर देवाने स्वतःच ती आज्ञा दिली नसती.

मात्र या सापाची गोष्ट तिथे संपत नाही. पुढे कित्येक शतकांनी इस्राएली लोक त्याच सापापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने त्याचे तुकडे केले. दुसरे राजे या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात ही हकीकत आहे. साप तोच, पितळ तेच, तो घडवला होता देवाच्याच आज्ञेवरून. बदलले होते ते लोकांचे मन. जे देवाकडे बोट दाखवण्यासाठी दिले होते, तिथेच लोक थांबले. बंधू-भगिनींनो, मूर्तिपूजेची व्याख्या याहून स्पष्ट मला कुठे सापडलेली नाही. चिन्ह आपल्याला पुढे नेते तोवर ते चिन्ह. पुढे जाणे थांबले, की त्याची मूर्ती होते.

खुद्द संतांना याबाबत काय वाटत असे? कर्नेल्य पेत्राच्या पाया पडला, तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि मीही माणूसच आहे असे सांगितले. लुस्त्र गावात लोक पौल आणि बर्णबा यांना देव समजून बैलांचा बळी द्यायला निघाले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली. काना गावच्या लग्नात पवित्र मरियेने सेवकांना स्वतःकडे नव्हे, तर आपल्या पुत्राच्या शब्दाकडे वळवले. आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया 1597 साली नागासाकी येथे क्रुसावर मरण पावले, ते ख्रिस्तासाठी. देवाच्या वाट्याची आराधना आपल्याला मिळावी असे कोणत्याही संताला वाटणार नाही.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न नवा नाही. चौथ्या शतकात अरबस्तानातील काही स्त्रिया मरियेच्या नावाने भाकरीचे अर्पण करत असत. सायप्रसचे बिशप संत एपिफानियस यांनी त्याला कडक विरोध केला. मरियेचा सन्मान जरूर व्हावा, पण आराधना फक्त देवाची, अशी त्यांची शिकवण होती. आठव्या शतकात काटा दुसऱ्या टोकाला गेला. कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी चर्चमधील चित्रे नष्ट करायला लावली. तेव्हा दमास्कसचे संत योहान यांनी चित्रांची बाजू मांडली. जो देव अदृश्य होता, त्याची प्रतिमा काढता येत नव्हती. पण आता तो देहधारी झाला, लोकांनी त्याला डोळ्यांनी पाहिले. त्याचे चित्र काढणे म्हणजे त्याच्या देहधारणेवरील विश्वास प्रकट करणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता.

इ. स. 787 मध्ये निसिया येथील दुसऱ्या विश्वपरिषदेने निर्णय दिला. आराधना एकट्या देवाची, प्रतिमेला केवळ आदर आणि तो आदर प्रतिमेतील व्यक्तीपर्यंत पोहोचतो. ख्रिस्तसभेच्या भाषेत देवाच्या आराधनेला ‘लात्रिया’, संतांच्या सन्मानाला ‘दुलिया’ आणि मरियेच्या विशेष सन्मानाला ‘हिपरदुलिया’ म्हणतात. 1563 साली ट्रेंटच्या परिषदेने आणखी स्पष्ट केले, की पुतळ्यात स्वतःचे कोणतेही दैवी सामर्थ्य नसते आणि त्यावर भरवसा ठेवायचा नसतो. अगदी अलीकडे, नोव्हेंबर 2025 मध्ये, व्हॅटिकनने मरियेला ‘सहतारक’ म्हणणे योग्य नाही असे जाहीर केले. आपला तारक एकच, प्रभू येशू ख्रिस्त.

भिंतीवरच्या आपल्या दिवंगत वडिलांच्या फोटोला आपण हार घालतो. कागद म्हणजे वडील असे कोणी समजत नाही. फोटो फुटला तर वाईट वाटते, पण वडील रागावतील अशी भीती वाटत नाही. आपण संतांना प्रार्थना करतो ती आजारपणात शेजाऱ्याला ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ असे सांगावे तशी. फरक एवढाच, की हे शेजारी देवाच्या सान्निध्यात आहेत.

मग सीमारेषा कुठे आहे? गुडघे टेकण्यात नाही, मेणबत्तीत नाही, हारातही नाही. बाहेरून आराधना आणि सन्मान यांची कृती सारखीच दिसू शकते. भेद मनात आहे. म्हणूनच शेजाऱ्याच्या भक्तीचा न्याय करण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग तो शेजारी आपल्या धर्माचा असो वा दुसऱ्या. पहिली आज्ञा इतरांना नावे ठेवण्यासाठी नव्हे, तर स्वतःला तपासण्यासाठी दिली आहे. त्यासाठी मी तीन प्रश्न सुचवतो.

पहिला प्रश्न : मी संताकडे मध्यस्थी मागतो, की सौदा करतो? ‘व्हिसा मिळाला तर शंभर मेणबत्त्या’ असे म्हणताना कृपेचा बाजार होत नाही ना? सेमिनरीत असताना तर्कशास्त्राच्या परीक्षेपूर्वी मीही असाच सौदा केला होता. अभ्यास मात्र केला नव्हता. नापास झालो आणि आठवडाभर संतावर रुसून बसलो! आज हसू येते, पण त्या आठवड्यात माझा संत म्हणजे माझ्या हुकमाचा ताबेदार झाला होता. ज्याला आपण वापरू पाहतो, त्याची भक्ती होत नसते.

दुसरा प्रश्न : माझ्या भक्तीत प्रेम आहे, की भीती? ‘हा संदेश तेरा जणांना पाठवा, नाहीतर अनर्थ होईल’ असे निरोप मोबाइलवर फिरतात. मलाही येतात. असला निरोप निःशंक मनाने पुसून टाका. आपल्या लेकरांना धाकात ठेवणारा संत स्वर्गात नाही.

तिसरा प्रश्न : संतापासून मी प्रभूकडे जातो का? आपल्या चर्चमध्ये मी रोज पाहतो. अनेक जण आत येतात, संत अंतोनीच्या पायांना हात लावतात, मेणबत्ती लावतात आणि पवित्र साक्रामेंतासमोर गुडघा न टेकताच निघून जातात. मंगळवारी गर्दी, रविवारी बाके रिकामी. माझ्या मते आपल्या धर्मग्रामातली सीमारेषा इथे ओलांडली जाते. आपण वाटाड्याचा हात धरला आणि घर विसरलो.

मावशींना मी पिशवीतून पुतळा काढायला लावला आणि विचारले, “मावशी, संतांच्या हातात काय आहे?” त्या म्हणाल्या, “बाळ येशू.” मी म्हणालो, “मग ते कशाला रागावतील? ते तर तुम्हाला बाळ देत आहेत.” पुतळा त्या घरी घेऊन गेल्या. आता आल्तारावर त्याच्या शेजारी बायबल उघडून ठेवतात आणि रात्री रोजरीपूर्वी शुभवर्तमानाचा एक उतारा वाचतात. मुलगा अजून रोजरीला बसत नाही. पण परवा वाचनाच्या वेळी तो दारात उभा राहून ऐकत होता, असे त्यांनी सांगितले. त्याच्यासाठी प्रार्थना करा. त्याची देवाविषयीची तळमळ खरी आहे आणि त्याच्या प्रश्नाने त्याच्या आईला व मलाही जागे केले आहे.

येत्या नोव्हेनाचे नऊ दिवस तुम्हा सर्वांना एक विनंती. चर्चमध्ये आल्यावर प्रथम पवित्र साक्रामेंतातील प्रभूला भेटा, मग संतांकडे वळा. मेणबत्तीसाठी आणलेल्या पैशांतील अर्धे ‘संत अंतोनीच्या पावा’च्या पेटीत गरिबांसाठी टाका. पापनिवेदनासाठी रोज संध्याकाळी मिस्सापूर्वी मी हजर राहीन. संत अंतोनी हरवलेल्या वस्तू शोधून देतात असा आपला विश्वास आहे. यंदा चाव्या आणि कागदपत्रांबरोबरच, गर्दीत आपल्या हातून हरवलेला प्रभू आपल्याला पुन्हा सापडावा, हेही मागू या.

प्रभूचा आशीर्वाद तुम्हा सर्वांवर असो.

तुमचा प्रमुख धर्मगुरू