मैदानाचा उत्सर्ग

वस्तीतल्या लोकांनी पडीक जागेतला राडारोडा उपसला, मुरूम पसरून रोलर फिरवला, वर्गणीतून घसरगुंडी आणि दोन झोपाळे आणले, की मैदान तयार झालं असं आपण धरून चालतो. धर्मशास्त्राचा जुना निबंधकार तिथे उभा असता तर म्हणाला असता, बांधून झालं, पण सोडून कुठे झालं? हा प्रश्न कर्मकांडाचा वाटेल, पण लोकसहभागाच्या आजच्या उत्साहात नेमका तोच विचारायचा राहतो.

आपल्या परंपरेने पुण्यकर्मांची वाटणी इष्ट आणि पूर्त अशी केली. यज्ञयाग हे इष्ट; विहीर, तळं, देऊळ, बाग, अन्नदान हे पूर्त. इष्टाचा अधिकार मोजक्यांना होता, पूर्ताचा मात्र शूद्रांनाही मान्य केला गेला. मैदान अर्थातच पूर्तात बसेल. पण पूर्तातही शास्त्रकारांनी एक बारीक भेद केला आहे. दान करताना समोर घेणारा असतो आणि त्याने स्वीकारल्याशिवाय दान पुरं होत नाही. तळ्याचा होतो तो उत्सर्ग. बांधणारा ते पाणी सर्व प्राणिमात्रांसाठी सोडतो, ठरावीक घेणारा कुणी नसतो. म्हणूनच सोडणाऱ्यालाही ते पाणी पिता येतं. मालक म्हणून नव्हे, गावातला एक म्हणून. मालकी आणि उपभोग यांची इतकी स्वच्छ फारकत आपल्या सोसायट्यांच्या नियमावल्यांत सापडणं कठीण.

लोकांनी स्वतः हात लावला की जागेबद्दल आपलेपणा येतो, असं नगररचनाकार सांगतात, आणि ते खोटं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 पासून, आल्डो व्हॅन आयक या वास्तुकाराने ॲमस्टरडॅम पालिकेसाठी पुढच्या तीस वर्षांत सातशेच्या वर छोटी क्रीडांगणं आखली. आमच्याही चौकात एक हवं, अशी पत्रं रहिवासी पालिकेला धाडत. वाळूचा हौद, लोखंडी कमानी, काँक्रीटचे ठोकळे, एवढाच सरंजाम. आणि कुंपण बहुधा नाहीच! मागणी चौकातल्यांची, पण मैदान रस्त्याने जाणाऱ्या कुठल्याही पोराचं. आपलेपणाचे खरं तर दोन अर्थ निघतात. हे माझं, म्हणून मी सांभाळीन, हा एक. हे माझं, म्हणून तू बाहेर, हा दुसरा. एकाच घामातून दोन्ही उगवतात. श्रमदानात दान हा शब्द आहे खरा, पण पुष्कळदा श्रम दिले जातात आणि हक्क राखून ठेवला जातो.

यावर आक्षेप असा येईल की ज्या शास्त्राचा दाखला द्यायचा, त्याच शास्त्राच्या समाजाने सर्वांसाठी सोडलेल्या पाण्यापासून माणसं दूर ठेवली. आक्षेप खरा आहे, आणि तो पातळ करून चालणार नाही. महाडचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्ये ठराव करून सर्वांना खुलं केलं होतं. तरी 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करून तिथलं पाणी प्यावं लागलं, मग सनातन्यांनी पंचगव्य ओतून तळं 'शुद्ध' केलं, आणि न्यायालयातला निकाल 1937 पर्यंत लांबला. ठराव झाला, उत्सर्ग झाला नाही. सर्व प्राणिमात्र म्हणत असताना मनातल्या मनात काही माणसं वगळली गेली. महाडने उत्सर्गाची कल्पना मोडीत काढली असं मला वाटत नाही. महाडने ती पहिल्यांदा अक्षरशः वाचली.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. सर्वांचं ते कुणाचंच नाही. मालकी सोडली तर झोपाळ्याची तुटलेली साखळी कोण बदलणार? पण उत्सर्गात मालकी सुटते, जबाबदारी सुटत नाही. जीर्णोद्धारालाही शास्त्राने पूर्ताचंच पुण्य सांगितलं आहे. उलट सांभाळण्याच्या नावाखाली मालकी परत कशी येते, हे मुंबईने पाहिलं आहे. देखभालीसाठी संस्थांकडे दिलेल्या काही मैदानांवर क्लब उभे राहिले, आणि मोकळ्या जागा अशा सोपवण्याचं धोरण 2016 मध्ये गदारोळानंतर स्थगित करावं लागलं.

राहिला प्रश्न पाण्याची तुलना खेळाशी करण्याचा. पाण्यावाचून जीव जातो, घसरगुंडीवाचून नाही. मान्य. पण गरजेची वस्तू सोडताना निदान उपकाराचं समाधान मिळतं. खेळाची जागा सोडताना तेवढाही हिशेब हातात उरत नाही. ज्याला काही मिळवायचं नाही त्या ईश्वराने विश्व का निर्माण केलं, याला ब्रह्मसूत्रांनी लीला असं उत्तर दिलं. सर्व इच्छा पुरलेला राजाही खेळतोच, हा शंकराचार्यांचा दृष्टांत. आणि वारकऱ्यांनी तर फुगडी, विटीदांडू, चेंडूफळी थेट अभंगांत आणली. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात काला होतो, म्हणजे खेळ आणि शिदोरी एकत्रच. त्या काल्यात एकदा मिसळलेले पोहे कुणाच्या घरचे होते, हे सांगता येत नाही. मैदानाच्या फाटकावरच्या संगमरवरी फलकावर मात्र ते रकमेसकट कोरलेलं असतं, आणि खाली वेळ: सायंकाळी 5 ते 7, फक्त रहिवाशांच्या मुलांसाठी.