पाहण्याचं अनुमोदन

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. १९४४ साली तो महीच्या मुखाशी वाहून आला. मुलं तिथं रमतात. मलाही अवघडल्यासारखं होत नाही; दाखवण्यासाठी कुणी त्याला मारलेलं नाही. पेंढा भरलेल्या जनावरांपुढे मात्र नातीने विचारलं, "आजी, आपल्याला बघायला मिळावं म्हणून मारलं का गं ह्यांना?"

आपल्याकडे हिंसा तीन परींची सांगितली आहे: कृत, कारित, अनुमोदित. पहिल्या दोन्ही माझ्या नव्हेत. पण तिकीट काढून कौतुकाने पाहणं हे अनुमोदन नव्हे काय? म्हणतात, अशानं मुलांना जिवंत प्राण्यांची माया लागते. लागतेही. पण ह्या जनावराला तिचा काय उपयोग?

"काहींना मारलं असेल," मी म्हटलं. ती दोन पावलं मागे सरली, पण बघतच राहिली.