मंद स्वराची ओढ

मोठ्याने गायिलेले गाणे अधिक दूर जाते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. देवळांच्या उत्सवांत तर ती आता जवळजवळ आचारधर्मच झाली आहे. वस्तुतः दूर जाणे आणि खोल जाणे या दोन भिन्न गोष्टी होत. कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची ध्वनिमुद्रिका ऐकताना हा भेद प्रत्ययास येतो.

हिंडलग्याच्या रहिवाशांस हे नाव परके नाही. बेळगाव शहराच्या पलीकडील अंगास सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी त्यांचा जन्म झाला. घर कानडी, विद्या मुंबईस प्रा. देवधरांपाशी. तारुण्यातच क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला गेले आणि काही वर्षे गाणे वर्ज्य झाले. गळा बंद, पण कान उघडे! माळव्यातील बायकांची गाणी आणि फिरस्त्या भजनकऱ्यांचे सूर त्यांनी अंथरुणावरून ऐकले. पुढे त्यांनी कबीर गायिला, त्यात हे ऐकणे उतरले आहे.

हे गायन सर्वस्वी मंद आहे असे नव्हे. एखादा स्वर एकाएकी झेपावतो. परंतु लगेच तो थांबतो, आणि मागे तंबोऱ्यांचा झंकार उरतो. ती रिकामी जागा श्रोत्याने भरावयाची असते. येथेच नीतीचा प्रश्न उद्भवतो. ध्वनिक्षेपकावरचे भजन शेजारच्या आजाऱ्याला, अभ्यासास बसलेल्या मुलाला 'ऐकतोस का?' असे विचारीत नाही. मंद गाणे मात्र आपल्या संमतीवाचून आत येऊच शकत नाही.

यावर कोणी म्हणेल, निवांत खोली आणि फुरसत ज्यांस लाभली त्यांचेच हे चोचले. दिवसभर राबलेल्या माणसाला ढोल-ताशाच हवा. आक्षेप खरा आहे. जत्रेचा ढोल गाव एकत्र आणतो, आरतीची झांज अंगात शिरते. ती कमी करा असे म्हणण्याचा अधिकार मला वाटत नाही. पण निर्गुणी भजनाची तबकडी कर्ण्यावर लावू नये, एवढे निश्चित वाटते. तेथे तंबोरा ऐकू येत नाही, म्हणजे निम्मे गाणेच नाहीसे होते.

सगुण मूर्तीपुढे निर्गुणाचे गाणे कशाला, असेही विचारले जाते. आपल्या परंपरेत मंत्रोपदेश गुरू शिष्याच्या कानातच करतो. आणि तो विधी मूर्तीसमोरही होत आला आहे.