स्वाराने आधी सलाम करावा



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातील रस्त्यांचे रूप पालटते. ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे ट्रक-ट्रॅक्टरवर लादली जातात आणि पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाच्या दिशेने निघतात. मग गाळप हंगाम सुरू होतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर रात्रंदिवस धावू लागतात. मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि पुढे टेपचा आवाज इतका मोठा असतो की मागच्याचा हॉर्न चालकाच्या कानापर्यंत पोहोचत नाही. धारूरच्या घाटात किंवा सोलापूर-धुळे महामार्गावर रात्री प्रवास केलेल्या प्रत्येकाला हे दृश्य परिचयाचे आहे.

अशाच एका हंगामात इशाच्या नमाजनंतर एक तरुण मशिदीत मागे थांबला. तो ट्रॅक्टर चालवतो. काही दिवसांपूर्वी वाटेत त्याच्या ट्रॉलीचा टायर फुटला होता. ट्रॉली अर्धी डांबरावर आणि अर्धी साइडपट्टीवर ठेवून, मागे दोन दगड लावून तो पंक्चरवाल्याला आणायला गेला. तेवढ्यात अंधारातून आलेली एक मोटारसायकल ट्रॉलीवर आदळली आणि चालवणारा मुलगा जागीच गेला. तरुणाने मला विचारले, “मौलाना, तो मुलगा भरधाव होता, त्याच्याकडे लायसनही नव्हते. माझी गाडी तर उभी होती. मग गुन्हा माझा कसा? आणि माझा नसेल, तर मला झोप का लागत नाही?”

हा प्रश्न एकट्या त्याचा नाही. आपल्यापैकी कुणाच्या हाती स्टेअरिंग आहे, कुणाच्या हाती हँडल, तर कुणी आपल्या मुलाच्या हाती किल्ली दिली आहे. म्हणून आपण सर्वांनीच त्याचा विचार करायला हवा.

दोन सोपी उत्तरे

अपघात झाला की आपल्या समाजात दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की ज्याची गाडी मोठी, त्याची चूक. जमाव जमतो आणि कुणी काही विचारण्याआधीच ट्रकचालकाला मारहाण सुरू होते. चालक मग जखमीला तिथेच टाकून पळतो. जानेवारी २०२४ मध्ये नव्या फौजदारी कायद्यातील पळून जाणाऱ्या चालकाच्या वाढीव शिक्षेविरुद्ध देशभर वाहनचालकांनी संप केला, तेव्हा थांबलो तर जमाव आम्हाला जिवंत सोडत नाही, हेच त्यांचे मुख्य गाऱ्हाणे होते. पळून जाण्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र कोणत्याही लोकांविषयीच्या रागाने तुम्हाला अन्यायाकडे नेऊ नये, न्यायच करा, अशी पवित्र कुरआनची आज्ञा आहे (सूरह माइदा, ८). गाडीचा आकार हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट आहे. ते म्हणजे, “त्याचे नशीबच तेवढे होते.” तकदीरवर आमची श्रद्धा आहे आणि मयताच्या घरी सबुरीचा शब्द म्हणून हे वाक्य बोलणे योग्यच आहे. परंतु ज्याच्या हातून जीव गेला त्याने स्वतःच्या बचावासाठी ते उच्चारले, तर तो तकदीरचा अपमान ठरतो. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून, असे विचारणाऱ्या माणसाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले, अशी हदीस तिर्मिजी शरीफमध्ये आहे. रिफ्लेक्टर न लावता तकदीरचे नाव घेणे म्हणजे उंट मोकळा सोडणेच होय.

बाणाचे टोक कुणी धरावे?

मग खरे उत्तर कोणते? बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ह. अबू मूसा अशअरी (रजि.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. जो कुणी बाण घेऊन आमच्या मशिदीतून किंवा बाजारातून जाईल, त्याने बाणांची टोके हातात धरावीत, म्हणजे कुणा मुसलमानाला इजा होणार नाही, असा तिचा आशय आहे. येथे प्रेषितांनी (स.) बाजारातील लोकांना बाणांपासून सावध राहा असे सांगितले नाही. ज्याच्या हाती इजा करणारी वस्तू आहे, काळजीचे ओझे त्याच्यावर टाकले.

दुसरी हदीस तर आपण लहानपणापासून ऐकतो. स्वाराने पायी चालणाऱ्याला सलाम करावा, चालणाऱ्याने बसलेल्याला आणि थोड्यांनी पुष्कळांना. सलामचा अर्थच शांती आणि सुरक्षितता असा आहे. जो उंचावर आहे, वेगात आहे, ज्याच्याकडून भय संभवते, त्याने आधी खाली पाहून सांगावे की माझ्याकडून तू सुरक्षित आहेस. रस्त्याचा सारा शिष्टाचार या एका वाक्यात सामावला आहे असे मला वाटते. आज रस्त्यावर ट्रकने कारला, कारने दुचाकीला, दुचाकीने पायी चालणाऱ्याला हा सलाम द्यायचा आहे. तो तोंडाने नव्हे, तर वेग कमी करून, अंतर राखून आणि डिपर देऊन द्यायचा आहे.

उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्यांचे वजन वीस टनांच्या आसपास जाते. समोरची मोटारसायकल सव्वाशे किलोची असते. टक्कर झाली तर एकाला केवळ धक्का जाणवतो आणि दुसऱ्याचे घर उद्ध्वस्त होते. वेगाचेही तसेच आहे. वेग दुप्पट झाला की आघाताची शक्ती चौपट होते. म्हणून दोष कुणाचा हे घटनेवरून ठरेल, पण काळजी किती घ्यावी हे वाहनाच्या वजनावरून आणि वेगावरून ठरते. दोषाचा आणि काळजीचा हिशेब वेगळा ठेवला की अर्धा गोंधळ मिटतो.

हिदायातील उंटांची रांग

मदरशात इमाम मरगीनानी (रह.) यांचा ‘हिदाया’ हा हनफी फिकहचा ग्रंथ शिकताना जनावरांमुळे होणाऱ्या नुकसानीचा भाग आला, तेव्हा मला तो जुन्या काळातला वाटला होता. ग्रंथकार हिजरी ५९३ मध्ये निवर्तले. त्यांच्या काळात ना डांबरी रस्ता होता, ना डिझेल. पुढे बीडच्या रस्त्यावर वावरताना कळले की त्यांनी जणू आमच्याच प्रश्नांची उत्तरे लिहून ठेवली आहेत.

तेथील मूळ सूत्र असे आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण ज्या हानीपासून सांभाळणे शक्य आहे तिच्यापासून इतरांना सुरक्षित ठेवण्याच्या अटीवर. म्हणून जनावराने चालताना कुणाला तुडवले किंवा धडक दिली तर स्वार जबाबदार ठरतो. चालता चालता जनावराने मागे लाथ झाडली तर तो जबाबदार नाही, कारण ते रोखणे त्याच्या हाती नसते. परंतु त्याने जनावर रस्त्यातच उभे केले असेल तर त्या लाथेचीही जबाबदारी त्याच्यावर येते, कारण तेथे उभे न करणे त्याच्या हाती होते. डोक्यावरचे ओझे रस्त्यात कुणाच्या अंगावर पडले तर वाहणारा जबाबदार. आणि उंटांची रांग एकमेकांस बांधून नेणारा, त्या रांगेने जे तुडवले त्याला जबाबदार. त्याच्यासोबत मागून हाकणारा कुणी असेल तर दोघेही.

वाचकहो, उंटांची रांग म्हणजे आमच्या दोन ट्रॉल्या. पडणारे ओझे म्हणजे वळणावर घसरणाऱ्या उसाच्या मोळ्या. रस्त्यात उभे केलेले जनावर म्हणजे त्या रात्रीची ती ट्रॉली. मागून हाकणारा कोण, हेही आपण जाणतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून क्षमतेहून अधिक ऊस भरला जातो. खेपा वाढाव्यात म्हणून चालकाची झोप कापली जाते. मालक आणि मुकादम गाडीत बसलेले नसतात, एवढ्यावरून ते अल्लाहच्या दरबारात सुटतील असे समजू नये.

त्या तरुणाला मी सांगितले की हेतूने केलेल्या हत्येचे पाप तुझ्यावर नाही, आणि त्या मुलाचा वेग ही त्याची चूक होती. पण गाडी उभी होती हा बचाव नव्हे. उलट प्रश्न तेथूनच सुरू होतो. नकळत झालेल्या हत्येसाठीही कुरआनने वारसांना दियत आणि अल्लाहच्या दारी कफ्फारा सांगितला आहे (सूरह निसा, ९२). जीव घेणाऱ्याचा हेतू नसला तरी गेलेला जीव हलका होत नाही, हे त्यातून शिकायचे. तुझ्या बाबतीत यातले काय लागू होते ते मुफ्तींना सर्व हकीकत सांगून विचार, न्यायालयात खरे बोल आणि त्या घरी जा. मशिदीतल्या एका बुजुर्गांना सोबत घेऊन तो गेला. त्या वडिलांनी त्याला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांना आता मागे आणि बाजूंना लाल पट्ट्या आहेत, एवढे मी पाहिले आहे.

मोठ्या गाडीचा भ्रम

आपल्या जिल्ह्याने रस्त्यावर मोठी माणसेही गमावली आहेत. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत विमानतळाकडे जाताना केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचे अपघाती निधन झाले. त्यांच्या गाडीला धडकलेली गाडी तिच्याहून लहान होती. १४ ऑगस्ट २०२२ रोजी पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विनायक मेटे यांची गाडी एका अवजड वाहनावर मागून आदळली. तीही दणकट गाडी होती. मोठी गाडी घेतली की कुटुंब सुरक्षित झाले, असे मानणाऱ्यांनी हे आठवावे. शिवाय आपली सुरक्षितता दुसऱ्याच्या जिवावर विकत घेता येत नाही. जमिनीवर ताठ्याने चालू नका असे कुरआन बजावतो (सूरह बनी इस्राईल, ३७) आणि रहमानचे दास नम्रपणे चालतात असे सांगतो (सूरह फुरकान, ६३). उंच सीटवर बसल्याने ही आज्ञा रद्द होत नाही.

किल्ली देणारा हात

१९ मे २०२४ च्या रात्री पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील महागड्या गाडीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर त्या मुलाला जामीन मिळाला, तेव्हा सारा महाराष्ट्र संतापला, आणि आम्हीही संतापलो. पण आमच्या मोहल्ल्यात चौदा वर्षांचा मुलगा अब्बांची मोटारसायकल घेऊन दूध आणायला जातो, तेव्हा कुणाला राग येतो? शबे बरातच्या रात्री, जी इबादतीची आणि क्षमायाचनेची रात्र म्हणून आपण जागवतो, तिघे-तिघे मिळून गाड्या पळवणारी मुले कुणाची असतात?

तुम्हांपैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या कळपाविषयी विचारले जाईल, हा प्रेषितांचा (स.) इशारा आपण जाणतोच. देशाचा कायदाही आता हेच म्हणतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाच्या हातून गाडी चालवताना गुन्हा घडल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायद्याच्या भीतीआधी अल्लाहचे भय असावे. भगिनींनो, हट्ट करणाऱ्या मुलाला किल्ली नाकारणे हे प्रेमाचेच रूप आहे.

अखेरीस एक लहान गोष्ट. गाडी बंद पडली की आपण मागे दगड लावतो आणि दुरुस्ती झाली की ते तसेच टाकून निघून जातो. रात्री कुणाची तरी दुचाकी त्यावर जाते. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे. मग आपल्या हाताने ठेवलेला दगड तेथेच सोडून जाणे कशाची शाखा असेल, याचा विचार गाडी सुरू करण्यापूर्वी करावा आणि खाली उतरून तो दगड बाजूला करावा.

अल्लाह आमच्या हातून कुणाचा जीव जाऊ न देवो, ज्यांचे गेले त्यांना सबुरी देवो, आणि प्रत्येक प्रवासी सुखरूप घरी पोहोचो. आमीन.