झालं का?

काही प्रश्न विचारताना विचारणाऱ्याचं काहीच जात नाही, पण उत्तर देणाऱ्याचा जीव जातो. ‘झालं का?’ हा त्यातला अग्रगण्य. न्हाणीघराच्या दारावर, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, शिंप्याच्या दुकानात आणि बँकेच्या काउंटरवर तो एकाच सुरात विचारला जातो. त्याची उत्तरंही ठरलेली. ‘झालंच!’ म्हणजे अजून सुरुवात व्हायची आहे. ‘होत आलंय’ म्हणजे सुरुवात झाली होती, पण मध्येच कोणीतरी चहा आणला. ‘झाल्यातच जमा आहे’ असं कोणी म्हणालं, तर ती वस्तू आपण मुकाट्याने दुसरीकडून आणावी. आणि शिंप्याचं ‘काजं-बटणं तेवढी राहिलीत’ हे वाक्य तर इतकं मुरलेलं आहे, की कापडाला अजून कात्री लागलेली नसतानाही तो ते निःशंक मनाने उच्चारतो.

वस्तू ‘झाली’ असं नक्की केव्हा म्हणायचं, आणि ते म्हणायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मला नीतिशास्त्राचा वाटतो. मी पडलो बी.कॉम. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध कॉलेजात त्या विषयाच्या वर्गासमोरून कँटीनकडे जाण्यापुरताच. तरीही या एका बाबतीत बँकेतल्या कारकुनाला चार शब्द बोलायचा अधिकार आहे. कारण आमच्याकडे ‘झालं’ म्हणायची परवानगी काम करणाऱ्याला मुळी नसतेच. नोंद मी करायची आणि मंजूर दुसऱ्याने करायची. मीच केलेली नोंद मीच मंजूर करायला गेलो, तर संगणक सासुरवाडीच्या थोरल्या माणसासारखा नुसता बघत राहतो. यात आमच्या प्रामाणिकपणावर संशय नाही, असं प्रशिक्षणात सांगतात. कारण साधं आहे : स्वतःचं लिखाण तपासताना माणूस कागदावर काय आहे ते वाचत नाही, मनात काय होतं ते वाचतो.

मात्र आमच्याकडे एक मोठी सोय आहे, ती तारखेची. ३१ मार्च म्हणजे ३१ मार्च. ‘यंदा आर्थिक वर्ष जरा कच्चं वाटतंय, मेपर्यंत मुरू द्या’ असं म्हणणारा बँकर अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे केवळ तयार होत नाही म्हणून तारीखच न देणारी माणसं जगात आहेत, हे मला माझ्या भाच्याकडून कळलं तेव्हा मी खुर्ची जरा पुढे ओढली.

भाचा संगणकवाला. दिवसा एका कंपनीत पगारासाठी काम करतो आणि रात्री ‘डेबियन’ नावाच्या प्रकल्पासाठी फुकट. पगाराच्या कामाबद्दल तो चकार शब्द काढत नाही आणि फुकटच्या कामाबद्दल थांबत नाही. हे डेबियन म्हणजे संगणक चालवणारी एक संपूर्ण प्रणाली. लिनक्सचं इंजिन आणि त्याभोवती हजारो प्रोग्राम, सगळं एकत्र बांधून दिलेलं. १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. पैसे नाहीत, आणि आतली रचना सगळ्यांना उघडी. म्हणजे एखाद्या सुगरणीने भाजीबरोबर कृतीही वाढावी आणि वर म्हणावं, ‘घरी करून बघा, मीठ कमी वाटलं तर घाला, आणि शेजारीही द्या.’ जगभर पसरलेले हजारेक अधिकृत सदस्य आणि त्यांच्याभोवतीचे असंख्य मदतनीस मिळून हे चालवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजं होती. आमच्या सोसायटीत सात जणांच्या कमिटीला पाण्याच्या टाकीचं एक झाकण बसवता आलेलं नाही, हे लक्षात घेता हा आकडा मला धार्मिक चमत्कारांच्या जवळचा वाटतो.

“पण बाहेर कधी काढायचं ते कोण ठरवतं?” मी विचारलं.

“तयार झालं की निघतं, मामा.”

“म्हणजे कधी?”

“तयार झालं की.”

शिंप्याचं दुकान मला आठवलं नसतं तरच नवल! पण इथे एक फरक होता. शिंपी काजा-बटणांपलीकडे माहिती देत नाही. इथे तपशीलवार व्यवस्था आहे. मी ती माझ्या सोयीसाठी लोणच्याच्या तीन बरण्या म्हणून समजून घेतली.

पहिली बरणी ‘अस्थिर’. नवं काही केलं की ते आधी इथे पडतं. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटातल्या पात्रांची नावं असतात, आणि या पहिल्या बरणीचं कायमचं नाव आहे ‘सिड’, म्हणजे त्या गोष्टीतला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. इतकं प्रांजळ नामकरण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. दुसरी बरणी ‘चाचणी’ची. पहिल्या बरणीत साधारण दोन ते दहा दिवस काढले, नवा गंभीर दोष कोणी दाखवला नाही, आणि ज्या इतर पॅकेजांवर हे अवलंबून आहे तीही तयार असली, की माल आपोआप दुसरीत उतरतो. मग एके दिवशी दुसऱ्या बरणीला दादरा बांधतात. त्याला ते गोठवणं म्हणतात. त्यानंतर नवी फोड टाकायची नाही, फक्त खराब झालेली काढायची. अडवून धरणारे गंभीर दोष निस्तरले, की तीच बरणी ‘स्थिर’ म्हणून जगापुढे ठेवायची.

आणि दोषांची यादी? ती सगळ्यांना बघायला उघडी. आपले दोष लपवणार नाही, असं त्यांनी १९९७ सालच्या आपल्या सामाजिक करारात लिहून ठेवलंय. एखाद्या बँकेच्या दर्शनी भागात व्याजदरांच्या शेजारी ‘आज सापडलेल्या चुका’ असा फळा लागला, तर काय होईल ते मी डोळ्यांपुढे आणून पाहिलं. पहिल्या दिवशी गर्दी होईल. दुसऱ्या दिवशी संचालकांची बैठक होईल. तिसऱ्या दिवशी फळा रंगवायला जाईल, आणि तो रंगवणारा सांगेल, ‘होत आलंय.’

आता कोणी म्हणेल, हा प्रामाणिकपणा ठीक, पण लोकांनी थांबायचं किती? रास्त आहे. जुलै २००२ नंतरची डेबियनची पुढची आवृत्ती आली जून २००५ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं! नवा संगणक घेऊन बसलेल्या माणसाला जुनं सामान वापरायला लावणं हाही अन्यायच. मी तसं भाच्याला म्हटलंही. पण त्याच्याकडे उलट टोकाची गोष्ट तयार होती. १९९५ च्या डिसेंबरात एका सीडी विकणाऱ्या कंपनीने डेबियनची अर्धीकच्ची प्रत ‘१.०’ असा शिक्का मारून बाजारात आणली. मग यांनी खऱ्या आवृत्तीला तो आकडा दिलाच नाही. जून १९९६ मध्ये निघाली ती थेट १.१. म्हणजे डेबियनची अधिकृत १.० आवृत्ती जगात कधी अवतरलीच नाही. घाईने बारसं करून टाकलं, तर मूल पुढे त्या नावाला ओ देतंच असं नाही.

तारीख गाठायला त्यांनी एकदा पैशाचाही उपाय करून पाहिला. २००६ साली डिसेंबरची तारीख धरून, प्रकाशनाची व्यवस्था बघणाऱ्या दोघांना महिनाभर पूर्ण वेळ काम करता यावं म्हणून मोबदला द्यायचं ठरलं. त्याबरोबर फुकट राबणारे काही जण बिथरले. आम्ही काय मूर्ख म्हणून जागतो का, असा तो सूर. आवृत्ती आली एप्रिल २००७ मध्ये. पगार सुरू झाल्यावर काम मंदावतं, हा नियम सिद्ध करायला त्यांनी एवढे कष्ट का घेतले कळत नाही. मी एका ओळीत लिहून दिला असता. असो. पुढे त्यांनी बरा मध्यममार्ग काढला. आता दादरा कधी बांधायचा हे आधी जाहीर होतं, आणि बरणी कधी उघडायची ते लोणचं ठरवतं. साधारण दोन वर्षांनी आवृत्ती येते.

‘स्थिर’ म्हणजे निर्दोष, असं मात्र समजू नये. २००६ मध्ये डेबियनच्याच एका दुरुस्तीत, संगणकाच्या गुप्त किल्ल्या घडवणाऱ्या प्रोग्राममधल्या नको त्या ओळी गेल्या. किल्ल्या अब्जावधींतून निवडल्या जायच्या, त्याऐवजी एकेका प्रकारात जेमतेम ३२ हजारांच्या घोळक्यातून निघू लागल्या. हे तिन्ही बरण्यांतून सुखरूप उतरलं आणि २००८ च्या मे महिन्यापर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नाही. सापडलं ते त्यांच्याच एका सदस्याला, आणि त्यांनी स्वतःच ते जगाला सांगितलं. तेव्हा ‘झालं’ याचा अर्थ ‘आता चूक निघणार नाही’ असा घेणं भाबडेपणाचं. ‘आम्हाला दिसलं तेवढं सांगितलं, पुढे दिसेल तेही सांगू’ एवढंच वचन प्रामाणिक माणूस देऊ शकतो. विवाहाच्या वेळी हे शब्द वापरले असते, तर पुष्कळ गैरसमज टळले असते.

पण ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती २०२४ ची.

‘एक्सझेड’ नावाचा एक छोटासा प्रोग्राम आहे. फायली दाबून लहान करतो. प्रवासाच्या बॅगेवर बसणारा काका असतो ना, तसा. जगातल्या अगणित संगणकांत तो असतो आणि त्याची आठवण कोणाला नसते. बरीच वर्षं तो मुख्यतः एकच गृहस्थ फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ च्या सुमारास त्याच्यामागे पत्रांचा तगादा सुरू झाला. झालं का? इतका उशीर का? जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या! त्याने हा आपला बिनपगारी छंद आहे, हेही सांगून पाहिलं. त्याच सुमारास जिया तान या नावाचा एक मदतनीस मात्र गोड बोलून कामं उपसत होता. हळूहळू त्याच्याकडे किल्ल्या आल्या. दोनेक वर्षं त्याने निमूट, चोख काम केलं. आणि फेब्रुवारी २०२४ च्या आवृत्तीत त्याने परक्या माणसाला संगणकात शिरता येईल असा चोरदरवाजा ठेवला. कुठे लपवला? चाचणीसाठी ठेवलेल्या नमुना फायलींत! तपासनिसाच्याच खिशात चोराने माल ठेवावा, तसा.

तो माल पहिल्या बरणीतून दुसरीतही उतरला होता. तेवढ्यात आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला त्याच्या सिडवर, म्हणजे त्या खेळणी मोडणाऱ्या पोराच्या बरणीवर, काम करताना वाटलं, की दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आमच्या शाखेत एवढ्या अवधीत ‘हं?’ सुद्धा म्हणून होत नाही. तुम्ही-आम्ही ‘नेट स्लो आहे’ म्हणून चहाला उठलो असतो. तो माणूस त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने चोरी जगापुढे मांडली. ‘स्थिर’ बरणीपर्यंत ती पोचलीच नव्हती.

जिया तान कोण, हे आजही कोणाला ठाऊक नाही. आणि तो तगादा लावणारी मंडळी? प्रकरण तपासणाऱ्यांचा दाट संशय असा, की तीही त्याच कटातली बनावट नावं होती. मला खरी बोच लागली ती इथे. चोराने पहार वापरली नाही, कुलूप फोडलं नाही. त्याने फक्त ‘झालं का?’ असं विचारत राहायचं ठरवलं. आणि ते खपून गेलं, कारण फुकट राबणाऱ्या माणसाला असलीच पत्रं खरी माणसंही लिहीत असतात. तुमच्या-माझ्या आवाजाची इतकी हुबेहूब नक्कल झाली, की वेगळी काढता आली नाही.

म्हणून मला वाटतं, ‘झालं’ म्हणणाऱ्यावर जशी जबाबदारी आहे, तशी ‘झालं का?’ विचारणाऱ्यावरही आहे. स्थिर बरणीतलं लोणचं खाणारा निवांत झोपतो तो पहिल्या बरणीशी कोणीतरी जागलं म्हणून. त्या जागणाऱ्याला आपण पैसे दिलेले नसतात. बरेचदा त्याचं नावही आपल्याला ठाऊक नसतं. अशा माणसाने ‘अजून नाही’ म्हटलं, तर तो आपला अपमान नाही. ते त्याने आपल्यासाठी केलेलं शेवटचं काम आहे. लोकांना बरं वाटावं म्हणून ‘झालं’ म्हणणारा माणूस गोड असतो, पण त्याच्या हातचं लोणचं जपून खावं.

ज्याला अगदीच राहवत नसेल, त्याच्यासाठी मराठीत आणखी एक प्रश्न आहे. ‘मी काही करू का?’ फारसा वापरात नसल्यामुळे तो अजून कोरा करकरीत राहिला आहे. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पहिल्या प्रश्नाऐवजी हा विचारायचा, असा मी नियम करून पाहिला. परिणाम तत्काळ दिसला. विचारणाऱ्याच्या हातात लसणाची गड्डी येते आणि कोणालाही कसलीही घाई राहत नाही.