दोन ओळी पुरतात

तेरावं उरकतं. पाहुणे परततात. सतरंज्या उचलल्या जातात. मग त्या घरात नवरा गमावलेली ती एकटी उरते. सांत्वनाचं पत्र खरं तर तेव्हा पोचायला हवं.

१८६५ साली अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांची हत्या झाली. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाने त्यांच्या पत्नीला, मेरीला, पत्र लिहिलं. राणी स्वतःही विधवा होती. आपणही याच दुःखात बुडालो आहोत, हे तिने मोकळेपणी कळवलं. एका राणीने!

आपण मात्र अडखळतो. काय लिहावं ते सुचत नाही. मग 'ईश्वरेच्छा' लिहून मोकळे होतो. तो शब्द ऐकून ऐकून ती तोवर थकलेली असते.

श्रोतेहो, दोन ओळी पुरतात. गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहा. बँकेच्या रांगेत ते अडाणी माणसांच्या स्लिपा भरून द्यायचे, एवढं लिहा. कदाचित तिलाही हे ठाऊक नसेल. मोबाइलवरचे जोडलेले हात नकोत. अक्षर वाईट असलं तरी चालेल. उत्तर पाठवायची घाई नको, हेही लिहा. दोन ओळी पुरतात.

ऐकता ऐकता कुणाचं घर आठवलं असेल, तर पत्र आजच टाका.